बारीक अक्षरातली भावंडं

नूला हॅकेटला कुणी नवा माणूस भेटला की ती आधी त्याच्या आईचं नाव विचारते. बापाचं नंतर, आठवलं तर. आयर्लंडातल्या आमच्या टिपररीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं कुणी रागावत नाही. आमच्या घरातलं हे शेंडेफळ. चौदाव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच, पण आज गॅरीमोर स्टडमध्ये, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची पैदास करतात तिथं, तिच्या शब्दाशिवाय एक घोडी आत येत नाही की बाहेर जात नाही. कॉलेजं शिकलेले लोक कॉम्प्युटर उघडून घोड्याची तिसरी पिढी शोधत बसतात. तोवर आमच्या नूलानं सातव्या पिढीतली पणजी कुठल्या पायानं लंगडायची ते सांगून चहाचं आधणही ठेवलेलं असतं. खोटं वाटत असेल तर येऊन बघा.

शाळा सुटल्यावर ती स्टडच्या मालकांच्या, म्हणजे प्रेंडरगास्टसाहेबांच्या, स्वैपाकघरात कामाला लागली. चूल पेटवायला तिला घोड्यांच्या लिलावाचे जुने कॅटलॉग मिळायचे. नूला जाळायच्या आधी वाचायची. त्या कॅटलॉगात मोठी शर्यत मारलेल्या घोड्याचं नाव जाड अक्षरात छापतात, छोट्या शर्यतीवाल्यांचं बारीक. लोक जाड तेवढं वाचतात. नूला बारीकही वाचायची, कारण ते वाचायचं नसतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एक दिवस साहेब पाहुण्यांशी एका घोडीच्या आजीवरून वाद घालत बसले होते. ही बटाटे वाढता वाढता म्हणाली, "साहेब, ती आजी नव्हे, मावशी." कॅटलॉग काढून बघितला. मावशीच निघाली! दुसऱ्या सोमवारी नूला कचेरीत. त्याला एकतीस वर्षं झाली.

लग्नाच्या मागण्या तिला तीन आल्या. तिसरा थर्ल्सचा होता, स्वतःचं दुकान होतं. नूलानं त्याला चहा पाजला, चालताना नीट बघितला, आणि तो गेल्यावर आईला म्हणाली, "आईकडून उत्तम आहे गं. पण बापाकडून गुडघे वाईट. पोरं चाळिशीत काठी धरतील." विषय संपला. त्या माणसाचे दोन्ही गुडघे पुढं डॉक्टरांनी बदलले, हे इथं सांगायलाच पाहिजे.

तिची घोड्याची जाहिरात करायची रीत साधी. फोन आला की आधी खोड सांगायची. "पुढचा डावा पाय जरासा बाहेर पडतो बरं का. तुमच्या घोडीचाही तसाच असेल तर नका आणू, शिंगरू बदकासारखं चालेल." असं सांगणारी बाई एखाद्या घोड्याला चांगला म्हणाली, की लोक डोळे मिटून घोडी पाठवतात.

तो डावा पाय कोल्ड टीचा. कोल्ड टी म्हणजे थंडगार चहा. त्याची आई आज विते की उद्या, अशी वाट बघताना साहेबांच्या हातातला चहा तसाच राहिला, म्हणून हे नाव. कुमैत, म्हणजे काळसर तांबडा रंग, कपाळावर चांदणी, आणि स्वभाव असा की लहान पोरानं कान धरला तरी मान खाली करील. करागच्या मैदानावर त्यानं एक मोठी शर्यत मारली, मग पायाची शीर दुखावली आणि तो पैदाशीला लागला. पहिल्या वर्षी नव्वद घोड्या आल्या. पण या धंद्यात लोकांना दर वर्षी नवा नवरदेव लागतो. साठ झाल्या, चाळीस झाल्या. गेल्या वर्षी एकोणीस.

त्यातच हिवाळ्याच्या तोंडाशी साहेब वारले. मूलबाळ नव्हतं. स्टड आलं पुतण्याकडे, रोरीकडे. डब्लिनला जाहिरातीच्या कंपनीत काम करणारा पोरगा. मनानं चांगला, पण घोड्याची पुढची बाजू कुठली हे त्याला डोक्यावरून कळायचं.

"नूला, तुर्कस्तानातलं एक गिऱ्हाईक कोल्ड टीला मागतंय," तो एके दिवशी म्हणाला. "आपल्याकडे पैदाशीचा घोडा हा एकच उरलाय. त्याच्यासाठी एवढा व्याप परवडत नाही. जानेवारीत घोडा दाखवायचा दिवस असतो ना? त्या संध्याकाळपर्यंत तीस घोड्या नोंदल्या तर तो राहील. नाहीतर जाईल."

"तीस," नूला म्हणाली.

"जाहिरातीचं माझ्यावर सोडा. ते तर माझं कामच आहे."

नूला तबेल्यात गेली आणि कोल्ड टीच्या मानेला ब्रश करत बसली, चांगला तासभर. मान आधीच चकचकीत होती. गेर नावाचा तिथला मोतद्दार आहे, घोड्यासारखाच अबोल. त्यानं नुसती एक पालथी बादली आणून बसायला तिच्याजवळ ठेवली.

रोरीनं खरंच झटून काम केलं. हजार कार्डं छापली, फाटकावर दोन माणसांएवढा फलक लावला. फक्त त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी कार्डं गावात वाटेपर्यंत ते कुणाला दाखवलं नाही, नूलाला चकित करायचं म्हणून.

आणि केलंच चकित. सकाळी ती सायकलवरून आली तर फाटकाशी मॉसी टूही गाडी थांबवून फलक वाचत होता. मॉसी शेजारच्या गावचा, चार घोड्यांचा धनी, आणि चाळीस घोड्यांएवढा खिंकाळणारा. त्याची बायको कॉन्सेप्टा गाडीत बसून होती.

"अगं नूला!" मॉसी ओरडला. "काय वाचतोय मी हे? 'डर्बी जिंकणाऱ्या मार्बल सिटीचा सावत्र भाऊ!' असं असेल तर माझं गाढव बिशपसाहेबांचा चुलत भाऊ!"

नूलानं वर बघितलं आणि तिचे कान लाल झाले. तशीच कचेरीत गेली.

"रोरी बाळा, हे कुणी लिहिलं?"

"मी! कसं आहे?"

"मार्बल सिटी याचा भाऊ कसा?"

"दोघांचा बाप एकच ना? मी स्वतः शोधून काढलं."

"अरे देवा." नूला खुर्चीत बसली. "बापाला वर्षाला दीडशे पोरं होतात रे. आईला एकच. बापाकडून भाऊ मोजायला लागलो तर अर्ध्या आयर्लंडचे घोडे एकमेकांचे भाऊ निघतील. आमच्यात आई एक असेल तरच भाऊ. हे इथल्या दूधवाल्यालाही ठाऊक आहे."

रोरीचा चेहरा पडला. "मला वाटलं, बाप तो बाप."

"माणसांत असेल."

"मग आता? कार्डं जाळू?"

"आणि ज्यांनी वाचली त्यांचं काय? मॉसीला जाळणार?"

दहा वाजता माणसं आली. चिखलाचे बूट, डोक्यावर टोप्या, सगळी आसपासची लहान शेतकरी मंडळी. हॅमचे सँडविच खाल्ले, फ्रूटकेक संपवला, चहाची तिसरी किटली रिकामी झाली. कार्ड प्रत्येकाच्या हातात होतं, आणि ज्याच्या त्याच्या ओठांवर हसू. "काय रे, भाऊ आला का लग्नाला?" "येतोय, बापाला विचारून!" बारा वाजेपर्यंत किती घोड्या नोंदल्या? एकही नाही. चूक झाली म्हणून नाही हो, चुकतो माणूस. पण ज्या कचेरीतून घोड्याची खोड आधी कळायची, तिथून असलं कार्ड आलं म्हटल्यावर लोकांनी हात खिशात घातले ते बाहेर काढेनात.

गेरनं कोल्ड टीला अंगणात आणलं. घोडा असा उभा राहिला की बघत राहावं.

"काय देखणा आहे!" रोरी मोठ्यानं म्हणाला आणि थांबला. आमच्याकडे जनावराचं कौतुक केलं की लगेच 'देव त्याचं भलं करो' म्हणायचं असतं, नाहीतर दृष्ट लागते. पोराला ते ठाऊक नव्हतं.

"देव त्याचं भलं करो," गेर पुटपुटला. दिवसभरात तो बोलला ते एवढंच.

तेव्हा नूला पुढं आली. चारचौघांत ती जन्मात बोललेली नव्हती. फोनवर बोलणं वेगळं, तिथं समोरच्याची टोपी दिसत नाही. तिनं घोड्याच्या मानेवर हात ठेवला.

"कार्डावर लिहिलंय ते चूक आहे," ती म्हणाली. "मार्बल सिटी याचा कुणी लागत नाही. छापायच्या आधी वाचणं माझं काम होतं, मी वाचलं नाही. चूक माझी."

लोकांनी हातातली कार्डं खाली केली. मॉसीनंसुद्धा.

"आता याचे भाऊ हवेत का तुम्हाला? आहेत. याची आई आन्ट ब्रायडी. स्वतः कधी पळाली नाही. तिला अकरा शिंगरं झाली, त्यातली हा सोडून नऊ जिंकली. याच्याशिवाय एकाचंही नाव जाड अक्षरात नाही, म्हणून तुम्ही वाचलं नाही. मी सांगते. पहिला वेट संडे. बॅलिनरोबला गुडघाभर चिखलात जिंकला."

"अगं, माझा होता तो!" मागून म्हातारा ख्रिस्टी लॅनिगन ओरडला. "बारा वर्षांचा होईपर्यंत पळाला! इतक्या वर्षांत डॉक्टर एकदाच बोलवला, तोही माझ्यासाठी!"

लोक हसले, पण हे हसू सकाळच्यासारखं नव्हतं.

"दुसरी बटर टोस्ट. किलबेगनला दोनदा, स्लायगोला एकदा."

"आमच्या गोठ्याचं छप्पर बटर टोस्टच्या बक्षिसातून घातलंय," एक बाई म्हणाली. "अजून गळत नाही."

"तिसरा लेट बस. ट्रॅमोरला जिंकला." इथं नूला जराशी थांबली. "त्या दिवशी ट्रॅमोरला बुटांसकट समुद्रात कोण उतरलं होतं, ते मी सांगत नाही."

सगळ्या माना मॉसीकडे वळल्या.

"पायजमा तरी होता मला," मॉसी म्हणाला.

"नव्हता," गाडीतून कॉन्सेप्टा म्हणाली.

मग काय, अंगणाचा बाजार झाला. नूला एकेक नाव घ्यायची आणि कुणीतरी पुढचं सांगायचा. कुणी त्या घोडीला दाणा घातलेला, कुणी एका घोड्यावर पहिल्यांदा बसलेला, कुणाच्या बहिणीचं लग्न त्याच शनिवारी होतं आणि भटजी, म्हणजे आमचा पाद्री, मैदानावरून धावत आलेला. नऊच्या नऊ घोड्यांची गोष्ट त्या अंगणातच निघाली. एकही कुठं लंगडत घरी आला नव्हता. लहान शेतकऱ्याला दुसरं काय हवं? डर्बी कुणाला परवडते? त्याला दहा वर्षं पळणारं जनावर हवं असतं.

ख्रिस्टी आधी आला. सौदा पक्का करायच्या आमच्याकडच्या रीतीनं तळहातावर थुंकला आणि हात पुढं केला. नूलाही आपल्या तळहातावर थुंकली. टाळी वाजली, पहिली घोडी नोंदली. मग रांगच लागली. खरं सांगायचं तर नूलानं चार जणांना परत पाठवलं, त्यांच्या घोड्यांचेही डावे पाय बाहेर पडत होते म्हणून.

"चार नोंदी सोडल्या तुम्ही!" रोरी तिच्या कानाशी येऊन म्हणाला. त्याला रडू यायचं बाकी होतं.

"बदकं जन्माला घालू का?" ती म्हणाली.

साडेचारला ऊन उतरलं. वहीत एकोणतीस नावं झाली. अंगण रिकामं व्हायला लागलं. मॉसी टोपी हातात घेऊन घोड्याभोवती दोन चकरा मारून आला, काही न बोलता गाडीकडे गेला. नूला वही मिटून उभी. बोलावायची तर तिला जीभ होती, पण आमच्या घरात गिऱ्हाइकामागं धावायची पद्धत नाही. गेरनं घोड्याला आत न्यायला वळवलं. रोरीनं घड्याळ बघितलं, मग नूलाकडे बघायचं टाळलं.

मॉसीची गाडी सुरू झाली. फाटकापर्यंत गेली. तिथं थांबली. काच खाली झाली आणि कॉन्सेप्टाचं डोकं बाहेर आलं.

"अगं नूला! याला आपली ती तरणी घोडी आणायचीय! सकाळी एवढा हसला म्हणून आता तोंड उघडेना!"

"मी काही म्हटलं नाही!" आतून मॉसी.

"म्हणूनच मी म्हणतेय!"

नूला तरातरा फाटकापर्यंत गेली. "त्या घोडीची आई कोण?" तिनं विचारलं. सवयच ती.

"तुला ठाऊक नाही होय?" मॉसी म्हणाला.

"ठाऊक आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

त्यानं सांगितलं. आई चांगली होती, पायही सरळ होते. मॉसी खिडकीतून हात काढून तळहातावर थुंकला, इतका जोरात की कॉन्सेप्टा म्हणाली, "अरे, गाडी आजच धुतलीय." टाळी वाजली. तीस.

नूला परत आली तेव्हा रोरीनं अंगणाच्या मधोमध उभं राहून फोन कानाला लावला होता. तुर्कस्तानातल्या गिऱ्हाइकाला तो मोठ्या अदबीनं सांगत होता, "नाही, माफ करा, घोडा मोकळा नाही. हो, पैदाशीचा हंगाम जूनपर्यंत चालतो, तोवर तरी नाही. कामात आहे तो."