वेल्सचा बँड आणि वेताची खुर्ची

चार माणसं दर रविवारी एका खोलीत बसली की किस्से साचतातच. आमच्या भागात दिवाळीनंतर घराघरांत कापूस भरतात. मग तो गादीत सापडतो, तुरीच्या डाळीत सापडतो, आजोबांच्या मिशीतही सापडतो. आमच्या किस्स्यांचं तसंच झालंय. माझं यवतमाळात चष्म्याचं दुकान आहे. समोर गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत असतं आणि मला मधेच एखादा किस्सा आठवून हसू फुटतं. गिऱ्हाइकाला वाटतं, आपलंच अक्षर चुकलं!

आधी मंडळी सांगतो. यजमान मधुभाऊ. बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते, आता रिटायर. दुसरे वकीलसाहेब. त्यांना ‘आज रविवार आहे’ म्हटलं तरी ‘कशावरून?’ असं विचारायची सवय. तिसरा पुरुषोत्तम, बाभुळगावचा, घरची कापूस-सोयाबीनची शेती. चौथा मी. आणि स्वयंपाकघरातून आम्हा चौघांवर नजर ठेवणाऱ्या सुमनवहिनी, मधुभाऊंच्या पत्नी.

आम्ही ऐकतो वेल्सचा एक रॉक बँड. पन्नासेक वर्षं झाली, अजून वाजवतोय. नाव नाही सांगणार. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत ना, तसं आम्ही नुसतं ‘आपला बँड’ म्हणतो. त्यातही फक्त लाइव्ह अल्बम ऐकायचे, हा मधुभाऊंचा कायदा. “स्टुडिओत काय, चुकलं का पुन्हा वाजवता येते. लोकायसमोर वाजवून दाखवा म्हणा!”

लाइव्ह म्हणजे कॉन्सर्ट. म्हणून मोबाइल बंद, मधे बोलायचं नाही, मधे थांबवायचं नाही. अल्बममधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या की आपणही वाजवायच्या. आणि शेवटच्या गाण्याला सगळ्यांनी उठून उभं राहायचं. हा शेवटचा नियम आला एका जुन्या अल्बमच्या कव्हरवरून. त्या फोटोत अख्खं पब्लिक उभं आहे. “तिकडची पद्धतच हाये थे,” मधुभाऊ म्हणाले, आणि विषय संपला. आम्ही सतरंजीवर बसायचो. दोन स्पीकरांच्या बरोब्बर समोर एक वेताची खुर्ची, ती मधुभाऊंची. तिच्यावर दुसरं कोणी टेकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

* * *

मधे थांबवायचं नाही म्हणजे नाही! मधुभाऊंच्या शिल्पाला बघायला महागावचे पाहुणे येणार होते. यायचे बाराला, आले साडेदहाला. दारात पाच माणसं उभी, आणि आत शेवटचं गाणं सुरू. मधुभाऊंनी वळूनसुद्धा न बघता एक हात वर केला. थांबा!

पाहुणे थांबले. चांगली सात मिनिटं उंबऱ्याबाहेर. आत चार बाप्ये त्यांच्याकडे पाठ करून उभे. वहिनींनी तर कपाळालाच हात लावला.

गाणं संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला! आम्हीही जीव तोडून वाजवल्या आणि वाजवता वाजवताच दाराकडे वळलो.

मुलाच्या वडिलांना भरून आलं. त्यांनी हात जोडले. “याच्याआधी चार घरी गेलतो,” ते म्हणाले, “पण इतलं स्वागत कुठंच नाही झालं बाप्पा!”

लग्न जमलं. शिल्पा आता नवऱ्यासोबत कार्डिफला असते. म्हणजे वेल्समध्येच! मधुभाऊ म्हणतात, हा बँडचा आशीर्वाद. वहिनी म्हणतात, पाहुणेच भोळे निघाले.

* * *

पुरुषोत्तमला बँडपेक्षा पब्लिकमध्ये रस जास्त. एका अल्बमवर दुसऱ्या गाण्याच्या आधी कोणीतरी खोकतो. दोनदा, खोलवरून. पुढच्या अल्बमवरही तोच खोकला! पुरुषोत्तमनंच ओळखला. “तोच माणूस हाये. कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाचा खोकला असा राह्यते, मले समजते.” तेव्हापासून नवीन सीडी आली की तो आधी खोकल्याची वाट बघायचा.

तिसरा अल्बम आला. पूर्ण ऐकला. खोकला नाही.

पुरुषोत्तमचा चेहरा पडला. “गेला वाटते बिचारा.”

“कशावरून गेला?” वकीलसाहेब म्हणाले. “औषध घेतलं असंल.”

पण पुरुषोत्तम ऐकेना. शेवटी आम्ही चौघं दोन मिनिटं मान खाली घालून शांत उभे राहिलो. एका अनोळखी वेल्श माणसासाठी, यवतमाळात!

दीडेक वर्षानं चौथा अल्बम आला. पहिलं गाणं संपलं, आणि खोक! खोक! पुरुषोत्तम सतरंजीवरून उडालाच. “हाये! जित्ता हाये लेकाचा!” मधे न बोलायचा नियम मोडला म्हणून मी मधुभाऊंकडे बघितलं, तर तेच रुमाल शोधत होते. दुसऱ्या दिवशी पुरुषोत्तमनं बाभुळगावात पेढे वाटले. लोकांनी विचारलं कशाचे, तर म्हणे, “एक जुना माणूस दुखण्यातून उठला.”

* * *

मे महिन्यात एकदा ऐन गिटारच्या सोलोमध्ये लाइट गेली. कोणी उठेना.

“कॉन्सर्टात लाइट गेली त लोक घरी जातेत काय?” मधुभाऊंचा सवाल बिनतोड होता. आम्ही घामाघूम होऊन मुक्या स्पीकरांकडे बघत बसलो. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. वहिनी डोकावल्या.

“काय करून राह्यले तुमी लोक?”

“ऐकून राह्यलो,” पुरुषोत्तम म्हणाला.

वहिनी एकदा स्पीकरांकडे, एकदा आमच्याकडे बघून आत गेल्या. पाऊण तासाचा एक तास झाला तेव्हा लाइट आली, आणि सीडी पहिल्या गाण्यापासून सुरू झाली. वकीलसाहेबांनी लगेच हरकत घेतली. पहिल्या गाण्याच्या टाळ्या एकदा देऊन झाल्या आहेत, पुन्हा देणं आपल्यावर बंधनकारक नाही. “वन्समोअर समजा ना राजेहो!” मधुभाऊ ओरडले, आणि वकीलसाहेबांनी ‘निषेध नोंदवून’ टाळ्या वाजवल्या.

* * *

वहिनींचं एकच म्हणणं असायचं. “तेच गाणं, तेच लोक, तेच बोंबलणं. सतरा वेळा कायले ऐकता?”

“वहिनी, दर वेळेला वेगळं असते थे,” वकीलसाहेब समजावून सांगायचे. “ऐंशी सालचं वाजवणं वेगळं, आताचं वेगळं. बारीक फरक असतात. कान पाह्यजे त्याले.”

वहिनी “असं काय?” एवढंच म्हणाल्या. त्या रविवारी पोहे आले. पुढच्या रविवारी पोहे. त्याच्या पुढच्या रविवारीही पोहे. सहाव्या रविवारी वकीलसाहेबांचा धीर सुटला. “वहिनी, पुन्हा पोहेच?”

“हे लाइव्ह पोहे हायेत,” वहिनी म्हणाल्या. “मागच्या वेळी शेंगदाणे उजव्या बाजूनं होते. बारीक फरक असतात, वकीलसाहेब. जीभ पाह्यजे त्याले.”

सातव्या रविवारी कचोरी मिळाली, पण ती वकीलसाहेब सगळ्यांसाठी स्वतः घेऊन आले होते.

* * *

मागच्या वर्षी मधुभाऊ आणि वहिनी शिल्पाकडे कार्डिफला गेले. तीन महिने. आणि नेमका आपल्या बँडचा तिथं कार्यक्रम! छोटं थिएटर, जावयानं बाल्कनीतली पहिली रांग मिळवली. वर माइक टांगलेले, कारण तो कार्यक्रम लाइव्ह अल्बमसाठी रेकॉर्ड होत होता.

मधुभाऊ परत आले ते छाती फुगवूनच. सूटकेस उघडायच्या आधी आम्हाला बोलावून सांगितलं, “माहा आवाज येणार हाये अल्बमात!”

झालं असं म्हणे, की शेवटच्या गाण्याला नियमाप्रमाणे सगळं थिएटर उभं राहिलं. मधुभाऊही उभे राहिले. सोलोच्या शेवटी गिटारवाला एकच सूर धरून थांबतो, सगळीकडे चिडीचूप. त्या शांततेत मधुभाऊंनी यवतमाळी आवाजात हाळी दिली, “वा रे पठ्ठ्या!” माइक डोक्यावरच होता.

“कशावरून?” वकीलसाहेब म्हणाले.

झालं! पेटली ना वात. वकीलसाहेबांनी तिथंच कागद घेतला आणि प्रतिज्ञापत्र लिहिलं. ‘मी, मधुकर, व्यवसाय निवृत्त, शपथेवर लिहून देतो की सदर आवाज माझाच असून तो अल्बममध्ये ऐकू येईल. न आल्यास माझी वेताची खुर्ची मी वकीलसाहेबांस कायमची देईन आणि स्वतः सतरंजीवर बसेन.’ मधुभाऊंनी खाडकन सही केली. साक्षीदार म्हणून पुरुषोत्तमनं स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. वहिनी तर तिथंच होत्या ना!

“मी कायची साक्ष देऊ?” वहिनी आतून म्हणाल्या. “मले त झोप लागली होती.”

अल्बम निघायला आठ-नऊ महिने लागणार होते. तेवढ्यात मधुभाऊंनी ही बातमी न्हाव्याला सांगितली, दातांच्या डॉक्टरला सांगितली, भाजीबाजारात सांगितली. माझ्या दुकानात लोक चष्मा घालून बघायच्या आधी विचारायचे, “आला का मधुभाऊंचा आवाज?” मीही कमी नव्हतो. मी म्हणायचो, “इंग्लंडच्या कस्टममध्ये अडकला.”

एका दुपारी मधुभाऊ दुकानात आले. काचा पुसून द्यायला सांगितल्या आणि बसूनच राहिले.

“नसंल आला त काय करू रे?” त्यांनी हळूच विचारलं. “कापून टाकला असंल त?”

मी म्हटलं, “खुर्चीचं एवढं काय घेऊन बसले मधुभाऊ!”

“खुर्चीचं नाही रे.” ते काउंटरवरच्या काचेकडे बघत म्हणाले, “चौतीस वर्षं नकाशे काढले मी. या जिल्ह्यातले किती पूल माह्या हातचे हायेत. पण खाली सही साहेबाची. पुलावर पाटी मंत्र्याची. माहं नाव कुठंच नाही. कुठंतरी आपलं थोडंसं काही राहावं ना? दोन शब्द का होईना.”

मला स्वतःची लाज वाटली. त्या दिवसापासून कस्टमवाला विनोद मी बंद केला. आणि खरं सांगतो, देवापुढे हात जोडताना ‘वा रे पठ्ठ्या’ राहू दे रे बाबा, असंही एकदा म्हणून घेतलं.

* * *

शिल्पाचं पार्सल आलं ते मागच्या महिन्यात. रविवारी मधुभाऊंच्या दारात चपलांचा ढीग. महागावचे व्याही आले होते, या वेळी वेळेवर. न्हावी आला होता. दातांचे डॉक्टर आले होते. वकीलसाहेब प्रतिज्ञापत्राला प्लास्टिकचं कव्हर घालून घेऊन आले होते, आणि आल्या आल्या त्यांनी वेताच्या खुर्चीचे पाय हलवून बघितले, मजबूत आहेत का म्हणून!

मधुभाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी सीडी माझ्याकडे दिली, ती मीच लावली.

गाणी झाली, टाळ्या झाल्या. मधे खोकलाही आला. पुरुषोत्तमनं समाधानानं मान डोलावली. मग शेवटचं गाणं लागलं आणि नियमाप्रमाणे खोलीतली झाडून सगळी माणसं उभी राहिली. व्याहीसुद्धा. वहिनी तेवढ्या आत होत्या, कढईत झारा फिरल्याचा आवाज येत होता.

सोलो चढत गेला, चढत गेला आणि उतरला. गिटारवाल्यानं तो एक सूर धरला. थिएटर चिडीचूप. आम्ही चिडीचूप. मधुभाऊंनी एक बोट वर केलं आणि डोळे मिटले.

“वा रे पठ्—”

मधुभाऊंचाच! स्वच्छ, खणखणीत, शंभर टक्के त्यांचा आवाज! पण पुरता आनंद व्हायच्या आतच डाव्या स्पीकरमधून, जणू याच खोलीतून, दुसरा आवाज कडाडला,

“अहो, बसा ना खाली! सगळं थिएटर बसलं हाये, तुमी एकटेच काहून उभे? मागच्या लोकायले दिसून नाही राह्यलं!”

आणि आम्ही सगळे झटकन खाली बसलो. व्याही बसले, न्हावी बसला, डॉक्टर बसले. वकीलसाहेब तर प्रतिज्ञापत्रावरच बसले.

बँड वाजत राहिला. गाणं संपलं, कार्डिफच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे मात्र पहिल्यांदाच कोणाला टाळ्या वाजवायचं सुचलं नाही. सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. तिथं वहिनी उभ्या होत्या, हातात झारा.

“वहिनी,” वकीलसाहेब चाचरत म्हणाले, “तुमाले त झोप लागली होती ना?”

मधुभाऊ उठले. त्यांनी वेताची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, सदऱ्याच्या बाहीनं पुसली, वहिनींसमोर नेऊन ठेवली आणि स्वतः आमच्यात येऊन सतरंजीवर बसले.

वहिनींनी झारा व्याह्यांच्या हातात दिला. पदर सावरला. खुर्चीत ऐसपैस बसल्या.

“लावा आता पुन्हा,” म्हणाल्या. “मघाशी गॅसवर पोहे होते. नीट ऐकू नाही आलं मले.”