मोदकांपायी सोडलेली नोकरी

तरुणपणी मी फार हुशार होते. निदान मला तसं वाटायचं, आणि तसं नाही म्हणायला जवळपास कोणी नसायचं. आमचे हे पहाटे कंपनीच्या बसने सित्र्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात जायचे ते संध्याकाळीच उगवायचे. बहरीनच्या राजधानीत, मनामातल्या फ्लॅटमध्ये मी, रांगतं पोर आणि कपडे धुवायचं मशीन. गावाकडून कोणाचंही पत्र आलं की उत्तरात मी ते मशीन हटकून घुसवायची. कोणाचं बारसं असो की तेरावं.

माझी आई गुहागरकडे गुडघाभर चिखलात भात लावायची आणि बाजारात स्वतः बसून काजू विकायची. संध्याकाळी घरी आली की वडील तिला विचारून विडीचं बंडल आणायचे. मी बी.एस्सी., बी.एड. होऊन बहरीनला आले आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठी नवऱ्याची वाट बघायला लागले. दुकान दिसायचं खिडकीतून. पण मध्ये सहापदरी रस्ता, वर आग ओकणारं ऊन, आणि मला गाडी येत नव्हती.

"गाडी शिकतेस कशाला? तुला काय कमी आहे?" हे विचारायचे.

मी प्रामाणिकपणे आठवून बघायची. कोथिंबीर सोडली तर खरंच काही कमी सापडायचं नाही.

मग एका शाळेत विज्ञानाच्या बाईंची जागा निघाली. मुख्याध्यापिकांनी मुलाखतीला नेमकं गणेश चतुर्थीला बोलावलं. मी फोनवर सांगितलं, "मॅडम, आमच्याकडे गणपती आहेत, चाळीस माणसं जेवायला. आणि तसं बघितलं तर मला नोकरीची गरज नाही." ते शेवटचं वाक्य मी अशा काही सुरात म्हटलं की जणू बहरीनचं तेल माझ्याच परसातून निघतं. फोन ठेवून आरशात पाहिलं. आरशाने तेव्हाच एक ठेवून द्यायला हवी होती.

त्या दिवशी मी सव्वाशे मोदक केले. पहिली पंगत पुरुषांची. बायकांची पंगत बसली तेव्हा सात बायका आणि तीन मोदक उरले होते.

हे सगळं मी सोयीस्करपणे विसरले होते. यांच्या निवृत्तीनंतर आम्ही गावी परतलो, आणि गेल्या वर्षी गणपतीला मुलाकडे बहरीनमध्येच सनाबिसला आलो. पूर्वी नवऱ्याच्या व्हिसावर राहायची, आता मुलाच्या आमंत्रणावर व्हिजिट व्हिसाने येते. सुनेचं ऑफिस शेजारच्या सीफ भागात, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची काचेची इमारत दिसते. बँकेत तिच्या विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि इंटरव्ह्यू कुठल्या दिवशी? चतुर्थीला, सकाळी अकराला. इथे गणपतीची सुट्टी कोण देणार?

आदल्या दुपारी ती माझ्याजवळ नारळ खवायला बसली आणि म्हणाली, "आई, मी उद्याचं नको म्हणून कळवते. पुढे बघू. तसं आपल्याला काही गरज नाही."

माझा हात थांबला. तेच वाक्य! तोच तृप्त सूर! एवढ्या वर्षांत बहरीनवाल्यांनी समुद्र बुजवून त्यावर टॉवर उभे केले, आणि स्वयंपाकघरात माझं वाक्य जसंच्या तसं सांभाळून ठेवलं.

सोफ्यावरून मुलगा म्हणाला, "मी मदत करतोच की तिला."

"मदत? घर काय तिच्या एकटीचं आहे?"

"बरं, मग मोदक बाहेरून मागवू. खलास."

"नैवेद्याचे मोदक घरीच होतील. पण माझा हात दुखतोय."

"कधीपासून?"

"आत्ताच लागलाय दुखायला. तुम्ही बापलेक करा."

सकाळी सून चपला हातात घेऊन दारात घुटमळत होती. "अहो, उकडीत मीठ घातलंत का? तूप?"

"तू जा," मी म्हटलं. "तुझ्यावाचून मोदक फक्त फुटतील."

आणि फुटलेच. आमच्या यांनी जन्मभर वाफेच्या दाबाच्या टाक्या सांभाळल्या, पण एका मोदकाला कळी पाडता येईना. नात चाळणीत डोकावून म्हणाली, "आजी, दिस वन इज लीकिंग!" आजोबांनी तिला चाळणीपासून लांब बसवलं.

आरती झाली, पाहुणे टेकले. एक वहिनी सवयीने म्हणाल्या, "पुरुषांना बसू दे आधी."

"पुरुष वाढतायत," मी म्हटलं.

तेवढ्यात सून आली. ऑफिसच्या कपड्यांतच तिला पहिल्या पंगतीला बसवलं.

"काय विचारलं गं?"

"घर आणि ही जबाबदारी, दोन्ही कसं जमवणार?"

"तुझ्या नवऱ्याला प्रमोशनच्या वेळी विचारलं होतं असं?"

"कोण विचारतंय! मी म्हटलं, आत्ता या क्षणी माझ्या घरी मोदक फुटतायत आणि मी इथे बसलेय. जमतंय की!"

पंधरा दिवसांनी जागा तिला मिळाली. हाताखाली अकरा पुरुष आहेत, त्यांचं बरं चाललंय म्हणते. घरच्याची प्रगती जरा सावकाश आहे. यंदा आम्ही परत आलोय; परवा मी मुलाला कोथिंबीर आणायला धाडलं तर पुदिना घेऊन आला. परत पाठवला. रस्ता सहापदरीच आहे अजून, पण त्याला गाडी येते.