राजाची अडीच घरं

बाळांनो,

हे तुमची आई तुम्हांला वाचून दाखवणार आहे, म्हणून अक्षर नेहमीपेक्षा मोठं काढलं आहे. धाकट्याला यंदा बुद्धिबळ शिकायचं आहे आणि "नियम आजी लिहून पाठवेल" असं त्याने परस्पर जाहीर केलं, हे सांगताना तुमचे बाबा फोनवर जरा थांबले. मग म्हणाले, "आई, लिही. पण या वेळेस आधी कोणाला तरी दाखवून घे." 'या वेळेस' म्हणजे काय ते थोरलीला माहीत आहे, धाकट्याला नाही. त्याला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

आधी जे कुठेही बदलत नाही ते. पट चौसष्ट घरांचा. मांडताना आपल्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आलं पाहिजे. दोन्ही कडांना हत्ती, त्यांच्या आत घोडे, त्यांच्या आत उंट, आणि मधे राजा-वजीर. पांढरा वजीर पांढऱ्या घरात बसतो, काळा काळ्या घरात. तुमच्या शाळेत त्याला राणी म्हणतात. आमच्याकडे तो अजून मिशीवाला वजीरच आहे. पुढच्या ओळीत आठ प्यादी. हत्ती सरळ जातो, उंट तिरका, वजीर दोन्ही प्रकारे, आणि वाट मोकळी असेल तितकं लांब. घोडा अडीच घरं जातो, म्हणजे दोन घरं सरळ आणि एक बाजूला. ते अडीच कसं होतं हे मला विचारू नका. वाटेत कोणी उभं असलं तरी तो त्याच्यावरून उडी मारतो. राजा कुठल्याही बाजूला, पण एकच घर. प्यादं सरळ चालतं, मारतं मात्र तिरकं, आणि मागे कधीच येत नाही.

हे सगळं मला आत्याआजीने शिकवलं आणि यातलं एक अक्षरही चुकीचं नाही. घात झाला तो यानेच. सुरुवात इतकी बरोबर होती की पुढचं तपासावं असं मला कधी वाटलंच नाही.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. मी त्यांना ताई म्हणते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्या काटोलकडच्या गावाहून महिनाभर राहायला आल्या. आजोबा हिंगण्याच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असत. ते दुपारी निघाले की घरात आम्ही दोघीच. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, ताई चौथीपर्यंत शिकलेल्या. यांच्याशी बोलायचं तरी काय, असं मला वाटे. त्यांनाही तेच वाटत असावं, कारण तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या ट्रंकेतून सोंगट्यांची पिशवी काढली.

"खेळता येते का वं तुले?"

"नाही."

"मंग त्या कॉलेजात का शिकवलं तुले?"

लहानपणी स्वतःच्या आजोबांच्या पाठीमागे उभं राहून, बायामाणसांनी बघू नये असं सगळे म्हणत असताना, ताई हा खेळ बघून बघून शिकल्या होत्या. मी लगेच एक कोरी वही काढली. त्या वऱ्हाडीत सांगत होत्या आणि मी इंग्रजीत लिहीत होते. वर ठळक अक्षरांत 'रूल्स ऑफ चेस', खाली क्रमवार नियम, महत्त्वाच्या शब्दांखाली लाल शाईची रेघ, आणि शेवटी अनुक्रमणिका. बारा नियमांना अनुक्रमणिका कशाला, असं तुम्ही विचाराल. मी तेव्हा विचारलं नाही.

त्यात लिहिलं होतं की प्यादं नेहमी एकेकच घर चालतं. शेवटच्या ओळीत पोचलं की ज्या घरात पोचेल त्या घरचा मोहरा होतं, म्हणजे हत्तीच्या घरात हत्ती आणि घोड्याच्या घरात घोडा. आणि नियम अकरावा, ज्याच्याखाली दोन लाल रेघा होत्या: राजाला एका डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते, मग त्याच्यावर शह असो वा नसो.

सगळं सांगून झाल्यावर ताई सोंगट्या पिशवीत भरता भरता म्हणाल्या, "असं आमच्या गावात खेळतेत."

हे वाक्य मी लिहिलं नाही. तो काही नियम नव्हता. त्याला कितवा क्रमांक द्यायचा?

पुढे मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली. 'तूरडाळ' लिहिलेल्या डब्यात गेली कित्येक वर्षं साबुदाणा आहे हे तुमचे आजोबा प्रत्येक पाहुण्याला सांगतात, पण चिठ्ठी सरळ लावलेली आहे हे कोणी बघत नाही. वहीही तशीच जपली, वर प्लास्टिकचं कव्हर घालून. एवढे नियम पाठ असूनही ताईंशी मी आजवर एकही डाव जिंकले नाही. त्यांना वहीतले क्रमांक माहीत नाहीत, हे एकच त्याचं कारण मला सुचतं.

गेल्या सुट्टीत थोरली इथे नागपूरला आली तेव्हा उन्हामुळे बाहेर पाऊल टाकवत नव्हतं. कूलरसमोर पट मांडून मी तिला शिकवलं. ती चटकन शिकली. जाताना तिने वहीतल्या पानांच्या रंगीत झेरॉक्स प्रती काढून घेतल्या आणि त्या दप्तरात ठेवणार असं सांगितलं. मला इतका अभिमान वाटला की विमानतळावरून परत येईपर्यंत मी आजोबांना तेच सांगत होते.

मग तिच्या शाळेत बुद्धिबळाचे सामने झाले. तिच्या राजावर शह आला. शह म्हणजे राजा मारला जाण्याच्या बेतात असणं. त्यातून सुटायचे तीनच मार्ग: राजाने सरकायचं, मधे कोणाला तरी आणायचं, किंवा शह देणाऱ्यालाच मारायचं. हिने चौथा काढला. राजाने अडीच घरं उडी मारली. समोरच्या मुलाने हात वर केला. ही म्हणाली, चालतं. शिक्षिका आल्या आणि म्हणाल्या, नाही चालत. तेव्हा हिने दप्तरातून माझं पान काढून टेबलावर ठेवलं, दोन लाल रेघांसकट.

ते पान सगळ्या टेबलांवर हातोहात फिरलं. माझं अक्षर सुवाच्य आणि मजकूर इंग्रजीत, म्हणून तिथल्या प्रत्येक मुलाला तो वाचता आला. मराठीत लिहिला असता तर पोरीची अब्रू वाचली असती.

हे मला तिने नाही, तुमच्या बाबांनी सांगितलं. तिने फक्त रविवारच्या फोनवर यायचं बंद केलं. मागून चालत जाताना हात हलवायची आणि गृहपाठ आहे म्हणायची. तीस वर्षं मी मुलींची कारणं ऐकली आहेत. कुठल्या कारणाच्या मागे खरंच गृहपाठ असतो ते मला कळतं. पट मी टेबलावर मांडूनच ठेवला होता. दर रविवारी धूळ पुसायची आणि फोन ठेवला की परत झाकायचा.

आता माझा पराक्रम ऐका. मी चुकले असेन, ही शंका मला आलीच नाही. मी त्या शाळेला पत्र लिहायला घेतलं. तीन परिच्छेद झाले, भाषा सभ्य पण कडक. सोबत नियम अकराव्याची प्रत. फक्त इथल्या कोणा जाणकाराची सही खाली असावी म्हणून मी पत्र आणि वही घेऊन निघाले. मनीषनगरात आपल्यापासून दोन गल्ल्या सोडून एक तरुण शिक्षिका घरच्या घरी बुद्धिबळाचा वर्ग घेते.

तिने वही हातात घेतली. "किती सुंदर लिहिलंय, आजी!" मी पत्र पुढे सरकवलं. ती पानं उलटत राहिली. "हे देशी नियम आहेत. माझे आजोबा असेच खेळायचे. खूप दिवसांनी पाहिले."

"म्हणजे बरोबर आहेत."

"त्यांच्यापुरते बरोबर आहेत. शाळेत, स्पर्धेत नाही चालत." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "बसता का एक डाव?"

समोर दोन वेण्या घातलेली, पुढचे दात पडलेली एक मुलगी होती. चौथ्या चालीला तिचा वजीर माझ्या राजाशेजारचं प्यादं मारून तिथेच बसला, मागे उंटाची राखण. माझा हात आपोआप राजाकडे गेला आणि मी त्याला अडीच घरं उचलून ठेवलं.

"आजी," ती म्हणाली, "राजा घोडा नाही आहे."

पत्र मी पर्समध्ये घातलं आणि त्याच दिवशी वर्गात नाव नोंदवलं. दर मंगळवारी आणि गुरुवारी मी प्लास्टिकच्या बुटक्या खुर्चीवर बसून शिकले. धाकट्या, नीट ऐक, हे तुझ्यासाठी आहे. प्याद्याला त्याच्या पहिल्या चालीला हवं तर दोन घरं जाता येतं. शेवटच्या ओळीत पोचलं की त्याचा वजीर, हत्ती, उंट, घोडा, हवं ते करता येतं. घर कोणाचं याला महत्त्व नाही. राजाला उडी नाही, त्याऐवजी कॅसलिंग आहे: राजा हत्तीच्या दिशेने दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडे येऊन बसतो. दोघंही आधी हललेले नसावेत, मधे कोणी नसावं, राजावर शह नसावा आणि राजाची वाट वा मुक्कामाचं घर माऱ्यात नसावं. शहातून सुटका नसेल तर मात, डाव संपला. पण शह नसताना एकही चाल करता येत नसेल तर डाव बरोबरीत. हे शेवटचं मला तीनदा समजावून घ्यावं लागलं, आणि तिसऱ्यांदा त्या वेणीवालीने समजावलं.

ताई आता आपल्याकडेच राहतात. त्यांना मी सगळं सांगितलं, जरा रागानेच. त्या हरभरा सोलत होत्या.

"मी का म्हनलं होतं तुले? आमच्या गावात असं खेळतेत, म्हनलं होतं का नाही?"

"म्हणालात."

"मंग लिहिलं काहून नाही? एवढी कॉपी भरली तू. कॉमाबी सोडला नाही."

मी हरभरा सोलायला बसले.

त्या रविवारी मी तुमच्या बाबांना वर्गात हरल्याची हकिकत सांगितली आणि म्हटलं, तिलाही सांग आणि थोरलीला दोनच मिनिटं बसव. मी माफीचे तीन मुद्दे लिहून ठेवले होते. ती आली, पडद्यावर अर्धाच चेहरा दिसत होता. मी चष्मा लावून पहिला मुद्दा वाचला: नियम चुकीचे नव्हते, ते कुठले आहेत हे मी लिहायला हवं होतं आणि ती चूक सर्वस्वी माझी. दुसरा वाचायला घेतला तेवढ्यात ती म्हणाली, "आजी, तू वाचून दाखवते आहेस?"

"हो."

"किती आहेत?"

"तीन."

ती हसली. मग पूर्ण चेहरा दिसला. "तुला खरंच एका छोट्या मुलीने हरवलं?"

"चार चालींत. आणि मीही राजाला उडी मारायला लावली."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. वर्गातल्या एकीने घरी जाऊन आईलाही सांगितलं."

तिने खुर्ची ओढली आणि समोर बसली. मग म्हणाली, "इथे मी त्यांच्या नियमांनी खेळीन. पण नागपूरला आले की उडू दे राजाला. आत्याआजीशी खेळताना तरी."

पलंगावरून ताईंनी ऐकलं होतं. "ये म्हना लवकर," त्या म्हणाल्या. "माह्या राजानं का गुन्हा केला?"

थोरली, तिसरा मुद्दा राहूनच गेला. तो असा की तू ते पान टेबलावर ठेवलंस, कारण ते तुझ्या आजीने लिहिलं होतं. त्याबद्दल मला कसं वाटतं याला मी क्रमांक देऊ शकले नाही.

धाकट्या, तुझ्यासाठी शाळेचे नियम सोबतच्या वेगळ्या कागदावर आहेत. वर्गातल्या शिक्षिकेने ते तपासून खाली सही केली आहे.

सोंगट्या ताईंच्याच आहेत. एक काळा उंट हरवला, त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ उभं आहे. वही आहे. तिच्या पहिल्या पानावर, 'रूल्स ऑफ चेस'च्या खाली, आता मराठीत एक ओळ आहे: असं आमच्या गावात खेळतात. पट टेबलावर मांडलेला आहे. दर रविवारी थोरली फोनवर एक चाल सांगते आणि मी ती इकडे करते. आज तिची सातवी चाल झाली आणि माझा राजा अजून जिवंत आहे.