भाऊजींची बॅग खाली जात नसे

ताईचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पाण्याच्या टाकीचं झाकण बसवत होतो. "विनू, जरा लवकर ये रे. हे चहा पिऊन खुर्चीत बसलेत आणि काही बोलतच नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. झाकण तसंच टाकून मी स्कूटर काढली. घरापासून मल्हारगंजपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं, भाऊजी बोलत नाहीत म्हणजे काय? ताईच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, आणि तेवढ्या काळात त्यांना गप्प बसलेलं मी एकदाच पाहिलं होतं. डॉक्टर माझ्या आधी पोचले होते, पण त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कपात घोटभर चहा शिल्लक होता. चेहरा असा, की आता डोळे उघडतील आणि म्हणतील, "या सालेसाहेब, सकाळी सकाळी? बसा, चाय घ्या"... म्हणाले नाहीत. त्याला आता दीड महिना होईल.

इंदूरच्या मराठी घरांत भाऊजींनी, म्हणजे प्रभाकरजींनी, काढलेला फोटो नाही असं घर शोधावं लागेल. ज्यांच्या लग्नाचे फोटो त्यांनी काढले, त्यांच्या मुलांच्या मुंजीचेही त्यांनीच काढले, आणि पुढे त्या मुलांच्या लग्नाचेही. मधल्या काळात मुलं नोकऱ्यांसाठी पुण्याला, नागपूरला, बंगलोरला गेली आणि लग्नंही तिकडेच करू लागली. कार्यालय तिकडचं, केटरर तिकडचा, भटजी तिकडचे. फोटोला मात्र आईबापांना प्रभाकरजीच हवेत, कारण मुलीचं नाक कुठल्या बाजूनं चांगलं दिसतं ते त्यांनाच ठाऊक. अशा रीतीनं केस पिकल्यावर आमचे भाऊजी विमानात बसायला लागले.

पहिल्याच खेपेला घात झाला. नागपूरचं लग्न होतं. काउंटरवरच्या मुलीनं गोड हसून सांगितलं, अंकल, बॅग जड आहे, खाली विमानाच्या पोटात टाकावी लागेल. भाऊजींनी टाकली. ते नागपूरला उतरले आणि बॅग दुसऱ्याच कुठल्या तरी गावाला उतरली. बॅग सापडली, पण तोवर वऱ्हाड परतीच्या वाटेला लागलं होतं. लग्नाचे फोटो भाऊजींनी नवऱ्याच्या मावसभावाच्या एका खेळण्यातल्या कॅमेऱ्यानं काढले. पुढच्या दिवाळीच्या आधी त्या नवरीचे वडील गेले. ती स्टुडिओत आली आणि तिनं कन्यादानाचा फोटो मोठा करून मागितला. त्या फोटोत वडिलांचा अर्धा चेहरा कुणाच्या तरी कोपराआड गेला होता. मुलगी आहे तोच घेऊन गेली. त्या दुपारी मी स्टुडिओत होतो, आणि भाऊजींना गप्प बसलेलं पाहिलं ते तेव्हाच. संध्याकाळी शटर ओढताना म्हणाले, "लग्न रिपीट होत नाही, विनायक. आता आपली बॅग कधी खाली जाणार नाही. अपन गेलो तरी चालेल."

आता या प्रतिज्ञेत अडचण एवढीच होती की विमानात हातात न्यायला मुभा सात किलोंची, आणि भाऊजींची बॅग भरायची त्याच्या दुप्पट. दोन कॅमेरे, चार-पाच लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या आणि वर एक रामरक्षेचं पुस्तक. मी म्हटलं, निदान पुस्तक तरी काढा. म्हणाले, "तेच तर बाकीच्यांना वर नेतं."

त्यांचा सिद्धांत असा होता की ओझं खांद्यावर दिसत नाही, चेहऱ्यावर दिसतं. म्हणून त्यांनी सराव केला. बॅगेत ताईचा वरवंटा आणि जुन्या अल्बमांची चळत भरून ते रोज सकाळी मल्हारगंजहून बडा गणपतीच्या देवळापर्यंत चालत जात आणि येत, तेही शक्य तितक्या लोकांशी गप्पा मारत. दम लागलेला दिसला की तो दिवस फुकट. महिन्याभरात ते इतके तयार झाले की बॅग पाठीवर असताना वाकून नमस्कार करत आणि "जीते रहो" ऐकायला पुन्हा सरळही होत. तिकडे ताई बिनवरवंट्याची चटणी करत होती आणि बोलत होती.

मी यात ओढला गेलो तो नंतर. मी वीज खात्यात मीटर तपासणारा माणूस. लोक तारा कशा वाकड्या घालतात, मीटरचा काटा कसा अडवतात, हे शोधण्यात माझी हयात गेली. निवृत्त झालो त्याच वर्षी माझी बायको गेली. मुलगी सई पुण्याला नोकरीत होती. मी घरात बसायला लागलो... म्हणजे नुसता बसायला लागलो. दुपारी जेवायचं की नाही हेही ताईच्या फोनवर ठरायचं. अशात एके सकाळी भाऊजी एक खाकी जाकीट घेऊन दारात उभे राहिले. त्याला जिकडेतिकडे खिसेच खिसे. "सालेसाहेब, हे घाला. रविवारी नागपूर. मला दोन खांदे कमी पडतायत."

मे महिना होता. इंदूरच्या उन्हात ते जाकीट, त्याच्या खिशांत तीन लेन्स आणि डझनभर बॅटऱ्या, आणि मी. चाललो की खुळखुळत होतो. वरून माझी हातातली बॅगही त्यांनी ताब्यात घेतली आणि माझा लेंगा-सदरा बाहेर काढून तिथे फ्लॅश भरला. "तुला काय लागतंय? एक दिवसाचा तर सवाल आहे." काउंटरवर भाऊजींनी बॅग काट्यावर ठेवली खरी, पण पट्टा हातातून सोडला नाही. मुलगी म्हणाली, "अंकल, छोड़ दीजिए." भाऊजी म्हणाले, "बेटा, आदत है, स्टेशन पे एक बार चोरी हुई थी." काटा सात किलोंच्या जरासा आत थांबला. मी शेजारी उभा राहून ही सरळसरळ मीटरची चोरी पाहत होतो आणि माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता. पुढे तपासणीला भाऊजी "कैसे हो भिया" करत निघून गेले आणि शिपायांनी मला बाजूला घेतलं. प्रत्येक वेळी मलाच घेत. जन्मभर चोर पकडलेल्या माणसाचा चेहरा चोरासारखा का दिसावा, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

ताई आमच्याबरोबर असली की विमानतळावर दहा पावलं पुढे चालायची. तिचं दुःख वेगळंच होतं. पुण्याच्या नातेवाइकांकडे इंदूरचा माणूस शेवेशिवाय गेला तर त्याला पाणीसुद्धा उशिरा मिळतं. आणि भाऊजींच्या राज्यात हातातलं सगळं वजन कॅमेऱ्याचं, त्यामुळे शेव जायची खाली. पोचेपर्यंत तिचा भुगा. "माझ्या जाऊबाई विचारतात, तुमच्याकडे शेव चमच्यानं खातात का," ताई म्हणायची. भाऊजी शांतपणे सांगायचे, "शेव मोडली तर मिसळीत घालता येते. लेन्स मोडली तर कशात घालू?"

सईचं लग्न पुण्याला ठरलं. बायको नसताना मुलीचं लग्न करायचं म्हणजे काय, ते मी इथे लिहीत बसत नाही. सई लग्नाआधी शेवटची इंदूरला आली होती, इथूनच आम्ही सगळे वऱ्हाड घेऊन निघालो. तर त्या दिवशी विमान निघालं छोटं, पंख्याचं. डोक्यावरच्या कप्प्यात जेमतेम टिफिन मावेल एवढी जागा. दारावरच्या माणसानं भाऊजींच्या बॅगेला हात घातला आणि म्हणाला, ही कुणाच्याही बापाची असो, खालीच जाणार. इथे पट्टा धरून भागणार नव्हतं. भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता हे भांडतील. पण ते रांगेच्या मधोमध फतकल मारून बसले, बॅग उघडली आणि वाटायला सुरुवात केली.

एक कॅमेरा सईच्या गळ्यात घातला. "नवरीच्या गळ्यात असतंच काहीतरी, कोण बोलतो बघू." दुसरा स्वतःच्या गळ्यात. एक लेन्स ताईच्या पर्समध्ये, एक माझ्या जाकिटात. वऱ्हाडातली मंडळी संपली तरी सामान संपेना, तेव्हा ते परक्या लोकांकडे वळले. "भिया, ज़रा ये पकड़ लो, पुणे तक. बस नीचे मत रखना." आणि लोक घेत होते! अशी गोष्ट आमच्या इंदूरलाच होते. सगळ्यांत मोठी, दुधाच्या बरणीएवढी लेन्स त्यांनी एका धिप्पाड गृहस्थाच्या हातात दिली. त्यांचं खजरान्याच्या देवळापाशी प्रसादाचं दुकान होतं आणि ते पुण्याला मुलीकडे निघाले होते, एवढंच आम्हाला कळलं. रिकामी बॅग खाली गेली. ती पिसासारखी हलकी होती, आणि दारावरचा माणूस जिंकल्यासारखा दिसत होता.

पुण्याला उतरल्यावर एकेक लेन्स परत आली, ती मोठी मात्र आली नाही. ते गृहस्थ शेवटच्या रांगेत होते, गर्दीत कुठे गेले कळेना. नाव विचारलं नव्हतं, फोन विचारला नव्हता. मी भाऊजींवर ओरडलो. मुलीचं लग्न उद्यावर आणि हा माणूस लाखमोलाची वस्तू बटाटेवड्यासारखी वाटत सुटतो! भाऊजी भराभर चालत सामानाच्या पट्ट्याकडे गेले. तिथे ते गृहस्थ उभे होते. दोन्ही हातांनी लेन्स छातीशी धरलेली. त्यांची स्वतःची सुटकेस समोरून फिरत गेली आणि त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"उठाया क्यों नहीं?" भाऊजींनी विचारलं.

"बाबूजी, आपने बोला था नीचे मत रखना. नी रखा. हाथ ख़ाली नी था तो बैग कैसे उठाता? बाथरूम भी नी गया मैं तो."

भाऊजींनी त्यांना तिथेच मिठी मारली आणि लग्नाचं आवतण दिलं. गृहस्थ खरोखरच आले, यथेच्छ जेवले. सईच्या अल्बममध्ये ते सगळीकडे आहेत. व्याही अजून त्यांना आमच्याकडचे कुणी वडीलधारे समजतात आणि दर दिवाळीला त्यांची तब्येत विचारतात. बरी आहे, असं मी सांगतो.

त्याच अल्बममध्ये कन्यादानाचा एक फोटो आहे. मी आणि ताई शेजारी बसलोय, ताई माझ्या बायकोच्या जागी. मी रडतोय आणि मला वाटत होतं की ते कुणाला दिसत नाहीये. भाऊजींनी तो क्षण कसा आणि कुठून टिपला, कळत नाही. मध्ये कुणाचंही कोपर आलेलं नाही. माझ्या घरात तो भिंतीवर आहे.

त्यानंतरही आम्ही पुष्कळ उडालो. मी कुरकुरत होतो, ते ऐकत नव्हते. गुडघे दुखायला लागले तरी बॅग त्यांनी कधी दुसऱ्याच्या पाठीवर दिली नाही. मला मिळायचे ते सुटे भाग.

गेल्या आठवड्यात ताईला पुण्याला पोचवायला गेलो. तिचा मुलगा अमोल तिला काही महिने तिकडे ठेवून घेतो म्हणाला होता. निघताना बघतो तो तिच्या सुटकेसशेजारी भाऊजींची बॅग, भरलेली. मी म्हटलं, ताई, कपड्यांत गुंडाळून खाली टाकू, आता तिला कुठल्या लग्नाला पोचायचंय? ताईनं बॅगेची चेन नीट लावून घेतली. मग म्हणाली, "त्यांना एकटं खाली नाही पाठवायचं रे." मी बॅग उचलली. पण सबंध रस्ता मला घाम फुटत होता, कारण या खेपेला काउंटरवर बोलणारं कुणी नव्हतं.

बॅग काट्यावर गेली. ताईनं तिला हातही लावला नाही. काट्यानं खरं काय ते सांगितलं. मुलगी म्हणाली, "आंटी, ये तो नीचे जाएगा." ताईनं पर्समधून कागद काढून पुढे ठेवले. "दो सीट हैं बेटा. एक मेरी, एक इसकी." मुलीनं पाहिलं, मान डोलावली आणि बॅगेला खिडकीची जागा दिली. एवढं सोपं!

"ताई, बॅगेचं तिकीट काढता येतं, हे तुला कधी कळलं?"

"झाली की वर्षं. अमोलनंच सांगितलं होतं. लग्नवाल्या पार्ट्या तर दोन तिकिटांचे पैसे द्यायला तयार होत्या."

"मग भाऊजींना नाही सांगितलंस?"

"सांगितलं ना. तुझी बायको गेली त्याच वर्षी." ताई कागद पर्समध्ये ठेवत होती, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "तर म्हणाले, बॅगेला सीट मिळाली तर सालेसाहेब घरी बसेल. ते जाकीट त्याच दिवशी आणलं त्यांनी."

मागची माणसं पुढे सरकायला सांगत होती. मुलीनं मला विचारलं, "अंकल, आपका हैंडबैग?" माझ्याकडे काही नव्हतं. विमानाला निघताना स्वतःची बॅग भरायची असते, ही गोष्टच मी इतक्या वर्षांत विसरून गेलो होतो.

विमानात खिडकीशी बॅग, मध्ये ताई आणि कडेला मी. हवाई सुंदरीनं येऊन बॅगेला पट्टा बांधला, तो ताईनं पुन्हा ओढून पाहिला आणि तळवा बॅगेवर ठेवून डोळे मिटले. माझ्या अंगात साधा सदरा होता, खिशात एक रुमाल. हात कुठे ठेवावेत ते मला पुण्यापर्यंत सुचलं नाही.