मास्तर आणि अण्णांची आघाडी

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, आणि शेजारच्या घरातले मास्तर नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. पुंडलिकनगरात आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. अण्णा मूळचे गंगापूरकडचे, शेती भावाकडं सोपवून शहरात नोकरीला आलेले. मास्तर मुकुंदवाडीच्या एका शाळेतून निवृत्त झालेले. दोघांनाही राजकारणाचं भारी वेड, पण पक्ष वेगळे. महापालिकेच्या एका निवडणुकीत दोघांच्याही पक्षांचे उमेदवार उभे राहिले, दोघंही पडले आणि तिसराच निवडून आला. तुमच्यामुळं आमची मतं फुटली, असं दोघांनी भिंतीपाशी उभं राहून एकमेकांना सुनावलं. त्या दिवसापासून बोलणं बंद.

घरातल्या बायकांनी हे भांडण मनावर घेतलं नाही. आई आणि मास्तरांच्या पत्नी भिंतीवरून वाट्या देत-घेत राहिल्या. त्यांना मी काकू म्हणायची. काकूंच्या हातची शेंगदाण्याची चटणी अण्णांना फार आवडायची. ती कुठून आली हे ते विचारत नसत आणि आई सांगत नसे.

चार वर्षांपूर्वी काकू अचानक गेल्या. अण्णा तेव्हा ऊसतोडीसाठी गावाकडं होते. तिसऱ्या दिवशी परत आले, स्वच्छ सदरा घातला, मास्तरांच्या फाटकापर्यंत गेले आणि तिथूनच मागं फिरले. काय बोलावं तेच सुचलं नाही, असं आईला म्हणाले. मग आठवडा गेला, महिना गेला. जितका उशीर होत गेला तितकं जाणं अवघड झालं.

पुढं लोकसभेचा निकाल लागला. मतदार याद्यांमध्ये घोळ आहे, असं विरोधी पक्ष म्हणू लागले. जिंकलेले म्हणायचे, हरलेल्यांना काहीतरी कारण हवंच असतं. निषेध करायला विरोधकांची आघाडी झाली. आधी दिल्लीत, मग मुंबईत, आणि होता होता ती आमच्या गल्लीत येऊन पोचली. एका मंगल कार्यालयात बैठक होती. अण्णांना स्कूटरवर सोडायला मी गेले होते, म्हणून मीही मागच्या खुर्चीवर बसले. प्रत्येक पक्षाची माणसं आपापल्या घोळक्यात बसली होती. मोर्चा काढायचं लगेच ठरलं, पण बॅनरवर कुणाच्या नेत्याचा फोटो किती मोठा यावर तासभर गेला. शेवटी असं ठरलं की, प्रत्येक बूथची यादी सगळ्या पक्षांच्या माणसांनी मिळून तपासायची. आमच्या बूथला अण्णांच्या पक्षानं अण्णांचं नाव दिलं आणि मास्तरांच्या पक्षानं मास्तरांचं. त्यांचा अबोला कुणाला माहीत नव्हता की माहीत होता म्हणूनच नावं दिली, हे मला आजवर कळलेलं नाही.

काम आमच्या ओसरीवर, दुपारी. मी शिकवते ती शाळा सकाळची, त्यामुळं मी घरीच असायची. पहिले दोन दिवस दोघं माझ्यामार्फत बोलले. 'यांना म्हणावं, पान सात काढा.' 'त्यांना सांग, कधीच काढलंय.' दोघंही हाताच्या अंतरावर. तिसऱ्या दिवशी शाळेत मीटिंग होती म्हणून मला उशीर झाला. घरी येते तर दोघं मोठमोठ्यानं भांडत होते. यादीत एकाच नावाची दोन माणसं होती. ती खरंच दोन आहेत की एकच, यावरून वाद पेटला होता. आई आतून ऐकत हसत होती.

आठवड्याभरानं आमच्याच गल्लीचं पान आलं. अण्णा नावं वाचत होते, मास्तर पेन्सिलीनं खुणा करत होते. वाचता वाचता अण्णा थांबले आणि पुढचं नाव वाचलं.

"एक नंबर राहिला, अण्णा," मास्तर म्हणाले.

"राहू द्या."

"वाचा. कुणाचं नाव हाय ते ठावं हाय मला."

अण्णांनी काकूंचं पूर्ण नाव वाचलं, हळू. मास्तरांनी समोर 'मयत' असं लिहिलं. मास्तरांचं अक्षर फळ्यावरच्यासारखं गोल असायचं, तसंच ते आलं. हे तक्रारीत घ्यायचं का, असं अण्णांनी चाचरत विचारलं.

"नाय," मास्तर म्हणाले. "ह्यात कुणाची लबाडी नाय. नाव वगळायचा अर्ज मीच भरला नाय. दोनदा माणूस घरी आला विचारायला, दोन्ही वेळा मी त्याला नंतर ये म्हणलो."

अण्णांनी यादी मिटून ठेवली. मग अण्णा म्हणाले, "मी फाटकापर्यंत आलतो, मास्तर. आत यायची हिंमत झाली नाय."

"खिडकीतून बघितलं होतं मी," मास्तर म्हणाले.

मी चहाचं निमित्त करून आत गेले. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती, पदरानं डोळे पुसत.

दुसऱ्या दिवशी अण्णा मास्तरांना स्कूटरवर बसवून मतदार नोंदणीच्या कार्यालयात घेऊन गेले. मास्तरांनी अर्ज भरला, सही केली. येताना दोघं कचोरी खाऊन आले आणि जेवायला नको म्हणाले, म्हणून आईची बोलणीही दोघांनी मिळून खाल्ली.

मोर्चा निघाला क्रांती चौकातून. मीही गेले होते. ऊन मरणाचं होतं. प्रत्येकाला दुसऱ्याच्या पक्षाच्याही घोषणा द्याव्या लागत होत्या. मास्तर त्या पुटपुटायचे. अण्णा मात्र मास्तरांच्या पक्षाच्या घोषणा घसा ताणून देत होते, इतक्या की मास्तरांनी त्यांना एकदा, पुरे, म्हणून दटावलं. निवेदन दिलं, पोच मिळाली. निकाल होता तसाच राहिला.

महापालिकेची निवडणूक आली आणि जागावाटपावरून आघाडी मोडली. ती बातमी आली त्या सकाळी आईनं आणि मी एकमेकींकडं पाहिलं. अण्णा पक्षाचं उपरणं गळ्यात घालून प्रचाराला गेले. दुपारी परत आले तर मास्तर त्यांच्या पक्षाचं उपरणं घालून आमच्याच ओसरीवर आमचाच पेपर वाचत बसले होते.

अण्णा पायरीवर थांबले. "तुमच्या लोकांनी लई ताणलं," म्हणाले.

"तुमच्यांनी सोडलं कुठं?" मास्तरांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

आईनं न विचारता दोन ताटं वाढली. जेवतानाही वाद चालूच राहिला, तेव्हा तिनं आधी जेवून घ्या म्हणून दरडावलं. दोघं गुमान जेवले, हात धुतले आणि पुन्हा सुरू झाले.