फुकटची गोळी आणि माझी पोटदुखी

घरात एकदा कायमचं औषध आलं की गोळ्यांची रिकामी पाकिटं जेवढी साठतात ना, तेवढेच किस्सेही साठतात. पाकिटं निदान कचऱ्यात टाकता येतात. किस्से मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही!

आमचा तिघींचा शुक्रवारचा भजनाचा ग्रुप आहे. अण्णा नगरला माझ्या घरी जमतो. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन चेन्नईत आले ती इथलीच झाले. शुभांगी नागपूरची, नवरा-बायको दोघंही बँकेत. आणि कमलाक्का मैलापूरच्या, तंजावरकडच्या मराठी. त्यांचे पूर्वज इकडे कधी आले ते त्यांनाही सांगता येत नाही. भजन थोडं होतं, मग कॉफी, आणि मग खरा विषय: कुणाचं औषध कितीला पडलं!

आता माझं दुखणं ऐका. आमच्या ह्यांना रक्ताचा एक आजार निघाला. रोज एक गोळी घ्यायची, चुकवायची नाही, घेत राहिलं तर माणूस ठणठणीत. गोळी मात्र अशी महाग की पेन्शन आली आणि मेडिकलवाल्याकडे गेली. कमलाक्कांच्या यजमानांना, नानांनाही नेमका तोच आजार, तीच गोळी. पण नाना रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांना गोळी फुकट!

ह्यांची कंपनी खासगी. निरोपाला शाल-नारळ दिला आणि सुटले.

* * *

एकदा मी अक्कांकडे साड्या बघायला गेले. कपाट उघडलं. कांजीवरम एकीपेक्षा एक सरस! पण मी खोटं कशाला बोलू, माझी नजर खालच्या खणात. तिथे एव्हरसिल्वरचे डबे, म्हणजे आपले स्टीलचे हो, आणि त्यात नानांच्या गोळ्या. काठोकाठ!

साड्यांनी मला काही झालं नाही. गोळ्या बघून मात्र पोटात असं ढवळून आलं की मी मटकन पलंगावरच बसले.

"काय झालें गे?" अक्का म्हणाल्या.

"काही नाही, जरा पोटात दुखतंय."

त्यांनी लगेच दुसरा डबा उघडून मला ॲसिडिटीची गोळी दिली. तीही फुकटातली!

* * *

मला वाटायचं, जळते ती मी एकटीच. तर तसं नाही.

नाना आमच्याकडे आले की हे आणि नाना समोरासमोर बसायचे. त्या गोळीनं दोघांचेही डोळे सकाळी सुजायचे, त्यामुळे दोघं सख्खे भाऊ दिसायचे. एकदा नाना बराच वेळ आमच्या गोळीच्या खोक्याकडे बघत होते. चकचकीत खोकं, वर सोनेरी अक्षरं. शेवटी हळूच म्हणाले, "हें रिकामें झालें की मला द्याल काय?"

हे म्हणाले, "रिकामं खोकं? काय करणार?"

"आमची गोळी साधी हो. कागदाच्या पाकिटांत देतात. चारचौघांत काढायला बरें दिसत नाही."

त्या दिवसापासून नानांची फुकटची गोळी आमच्या महागड्या खोक्यात राहायला गेली!

* * *

मग सवलतीचा किस्सा. शुभांगीला कळलं की टी. नगरला एक मेडिकलवाला भरघोस सूट देतो. झालं! आम्ही दोघी निघालो. बसला ही गर्दी, पुढे ऑटो, ऑटोवाल्याशी भांडण. पण सूट मिळाली बाई. मी खुशीत बाहेर पडले, आणि समोरच साड्यांचं दुकान. काचेत अक्कांच्यासारखीच साडी, अगदी तोच मोरपंखी रंग, तेच काठ.

घरी आले. ह्यांनी एका पिशवीतून गोळ्या काढल्या, दुसरीतून साडी. दोन्ही बिलं बघितली. आणि शांतपणे विचारलं, "ही कोणत्या आजारावर?"

* * *

पण एक दिवस सगळी गंमत संपली. हे पेपर वाचता वाचता मला म्हणाले, "मी काय म्हणतो, गोळी दिवसाआड घेतली तर? तेवढीच पुरेल."

मी म्हटलं, "आणि श्वास? तोही दिवसाआड घेणार का?"

बोलायला बोलले, पण आत जाऊन गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून रडले. भीती तर वाटलीच. पण त्याहून जास्त मला अक्कांचा राग आला. नाना रोज गोळी घेणार आणि माझ्या माणसानं का म्हणून दिवसाआड घ्यायची? काय वाईट केलं होतं आम्ही?

शुक्रवारी हे सगळं शुभांगीपुढे ओकले. ती म्हणाली, "अवो ताई, रडून काय होते? डॉक्टरला विचारा ना! कंपनीचं नाव नका लिहू, औषधाचं नाव लिहून द्या म्हणा. नाना काऊन साधी गोळी खाऊन राहिले? औषध तर आतमधी तेच आहे!"

इतकं साधं मला सुचलं नाही, हिला सुचलं! आता हिचाही हेवा वाटायला लागला.

* * *

डॉक्टरला असं कसं विचारायचं? मी तमिळमध्ये वाक्य पाठ केलं, मग इंग्रजीत केलं. हे म्हणाले, "त्यांना राग आला तर?" मी म्हटलं, "येऊ दे. रागाचं वेगळं बिल लावत नाहीत."

आत गेलो. टेबलावर पेन त्याच गोळीच्या कंपनीचं, कॅलेंडर त्याच कंपनीचं, भिंतीवर घड्याळ, त्यावरही तेच सोनेरी नाव. मी एका दमात सांगितलं, परवडत नाही, औषधाचं मूळ नाव लिहून द्या, स्वस्तातली चालेल का तेही सांगा.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अम्मा, तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे हो डॉक्टर. तुमच्या घड्याळावर नाही!"

हे खुर्चीत आकसले. पण डॉक्टर मान वर करून घड्याळाकडे बघत राहिले आणि मोठ्यानं हसले. मग मोठ्या अक्षरात औषधाचं नाव लिहून दिलं. म्हणाले, चांगल्या कंपनीची साधी गोळी चालेल, फक्त रक्त वेळच्या वेळी तपासा आणि मला विचारल्याशिवाय काही बदलू नका. हे आधीच का नाही सांगितलं, असं मी विचारणार होते. ह्यांनी माझा पदर ओढला.

* * *

चिठ्ठी घेऊन खाली आलो तर हॉस्पिटलचा मेडिकलवाला म्हणतो, "इथलं औषध इथेच घ्यायचं. रूल आहे." शुभांगी आमच्याबरोबर आली होती. ती आधी चहूकडे बघून घेते. कोपऱ्यात एक मोठी कुंडी होती आणि कुंडीच्या मागे भिंतीवर काहीतरी लिहिलेलं. हिनं पर्स माझ्याकडे दिली, पदर खोचला आणि कुंडी सरकवली!

मागे पाटी. 'औषधे येथूनच घेण्याची सक्ती नाही.' तमिळमध्ये, इंग्रजीत, ठळक अक्षरात.

वॉचमन धावत आला. "मॅडम, मॅडम! ती पाटी पेशंटसाठी नाही. ती तपासणीला येतात त्यांच्यासाठी आहे!"

आम्ही जेनेरिकच्या दुकानातून गोळी घेतली. किंमत ऐकून मी दुकानदाराला परत विचारलं, एका दिवसाची का? तो म्हणाला, महिन्याची. पुढे रक्ताचा रिपोर्ट आला, तोही चांगला. ह्यांनी दिवसाआडचं नाव पुन्हा काढलं नाही.

* * *

आता सांगा, भाषणाला कुणाला बोलवायला हवं? आजार माझ्या घरात, डॉक्टरशी मी बोलले. पण आमच्या इथल्या मराठी मंडळानं भाषण ठेवलं ते शुभांगीचं! वर गुच्छ, शाल आणि फोटो.

बोलली छान, नाही म्हणत नाही. औषधाचं मूळ नाव विचारा, पाकिटावरची किंमत बघा, पक्कं बिल घ्या, छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर तक्रार करा, ती करता येते. सगळे माना डोलवत होते. मी पहिल्या रांगेत बसून शाल किती हलकी आहे ते बघत होते.

शेवटी 'काही शंका?' म्हटल्यावर मागून एक आजोबा उठले. "ताई, भाषण फार आवडलं. आता फक्त मला गॅसेसवर काय घ्यायचं ते सांगा."

आणि त्यांच्यामागे लाइन लागली!

* * *

आणि मग गेल्या महिन्यातला तो शुक्रवार.

माझी तयारी जय्यत होती. नव्या गोळीचं बिल मी मुद्दाम देवापुढे ठेवलं होतं, विचारल्यावर चटकन दाखवता यावं म्हणून. म्हटलं, बघू दे अक्कांना, आता आम्हीही काही कमी नाही. नाना पोंगलपासून हृदयाच्या दुखण्यानं दवाखान्यात होते, त्यामुळे अक्का बऱ्याच दिवसांनी येत होत्या.

आल्या, बसल्या. मी बिलाकडे हात नेणार तोच म्हणाल्या, "नानांना घरीं आणलें."

"अगबाई! छान झालं!"

"डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. सगळ्याच. ती रक्ताचीही."

झालं! मी कशीबशी फुकटच्या जवळपास आले, तर नानांची गोळीच बंद! माझं बिल देवापुढेच राहिलं.

"पथ्य तरी असेल की," मी म्हटलं.

"तेंही नाही. जें मागतील तें द्या म्हणाले. काल हलवा मागितला. दिला."

शुभांगी टाळ पुसत होती, तिचा हात थांबला. मला मात्र राहवलं नाही. "नशीब काढलंत हो अक्का! मला तर हेवाच वाटतो तुमचा. आमच्या ह्यांना कुठली सुटका? डॉक्टर म्हणाले, जन्मभर घ्यायची!"

अक्कांनी वर बघितलं. "जन्मभर म्हणाले?"

"हो ना! अजून वीस वर्षं जगले तर वीस वर्षं!"

अक्कांनी देवापुढचं माझं बिल हातात घेतलं. घडी उघडली, वाचलं, परत नीट घडी घातली आणि माझ्या हातात ठेवलं.

"वीस वर्षें," त्या म्हणाल्या. "किती बरें गे तुझें!"