यांनी वाचून दाखवलेला शेवट

"पडदा सुटलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "याला रेटिनल डिटॅचमेंट म्हणतात. भिंतीवरचा ओला कागद सुटत जातो ना, तसा डोळ्याच्या मागचा पडदा सुटत चाललाय. आजच भरती व्हा. उद्या सकाळी ऑपरेशन करू."

मी विचारलं, "सोमवारी आले तर चालेल का?" वाचनालयातल्या पुस्तकांची पडताळणी अर्ध्यावर होती.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काकू, पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा एक ठिपका असतो. वाचायचं काम तोच करतो. तो अजून चिकटलेला आहे. सोमवारपर्यंत राहील असं मी तरी सांगणार नाही."

मग मात्र मी सोमवारचं नाव काढलं नाही. माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी. त्याला माणूस दिसतो, अक्षर दिसत नाही. आजवर जे काही वाचलं ते या एका उजव्या डोळ्याने. आणि मी सोनईच्या वाचनालयात तीस वर्षं ग्रंथपाल. वाचता येत नसलेली ग्रंथपाल घेऊन गाव काय करणार आणि मी तरी काय करणार?

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ येऊ नये, पण आली तर माझ्यासारखा शहाणपणा करू नका. मला आधी काळे ठिपके दिसायला लागले. वाटलं, जुन्या पुस्तकांची धूळ. मग डोळ्याच्या कडेला लख्खकन उजेड चमकायचा. वाटलं, ट्यूबलाइट गेली. तिसऱ्या दिवशी नाकाच्या बाजूने काळी सावली वर चढली, तरी मी बया पदराने चष्मा पुसत बसले. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी नगरचं डोळ्यांचं हॉस्पिटल गाठा. पडताळणी कुठे पळून जात नाही.

ऑपरेशनला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात. डोळ्यातला चिकट रस काढून आत गॅसचा फुगा भरतात. तो फुगा पडद्याला मागे दाबून धरतो. ऑपरेशन दुखलं नाही. खरी परीक्षा नंतर. फुगा जागेवर राहावा म्हणून दहा दिवस पालथं झोपायचं, जेवताना आणि चालतानासुद्धा मान खाली. त्यानंतरही पुढच्या तपासणीपर्यंत वाचन बंद. म्हणजे सव्वा महिना.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रडले. पुन्हा वाचता येईल का, हे विचारायची हिंमत होत नव्हती, म्हणून रडले. पट्टी भिजली. सिस्टर रागावल्या, "पट्टी ओली झाली तर जंतू जातात, काकू. रडायचं नाही." त्या पट्टी बदलत होत्या तेव्हा आमचे हे कोपऱ्यात उभे होते. सिस्टरचं वाक्य त्यांनी दगडावरची रेघ समजून मनात ठेवलं. हे मला फार उशिरा कळलं.

यांच्याबद्दल सांगायला हवं. हे साखर कारखान्यात चिटबॉय होते. कुणाच्या गटात किती ऊस, कधी लावला, उसाची जात कोणती, याची नोंद घेत बांधाबांधाने फिरायचं हे काम. आयुष्यभर रजिस्टर सोडून काही वाचलं नाही. ग्रंथपाल बायकोबरोबर संसार करून एक कादंबरी वाचली नाही, याचा त्यांना थोडा अभिमानच होता.

आमच्या वाचनालयाच्या दारात एक फळा आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी त्यावर लिहिते, गेल्या महिन्यात काय वाचलं, काय पाहिलं, कसं वाटलं. लोक त्यावरून पुस्तकं नेतात. पालथी पडल्या पडल्या मी म्हटलं, "या महिन्यात फळा कोरा राहणार." हे म्हणाले, "कोरा कशापायी? मी वाचून दावतो. तू सांग, मी लिवतो."

तर हा त्या महिन्याचा आढावा. नावं इथे देत नाही. वाचनालयात या, काढून देते.

पहिली ती संध्याकाळची मालिका. याआधी मी ती लावली की हे अंगणात जाऊन बसायचे. आता मी पालथी आणि हे टीव्हीसमोर खुर्चीत. "सून जिन्यावरून येतीय. हातात कागद हाय. कसला कागद ते दाखवीना गेलेत. आता सासूकडं बघितलं. आता पुन्यांदा सुनेकडं." चित्र काढून टाकलं तर त्या मालिकेत नुसते उसासे आणि ढोल उरतात, हे मला जमिनीकडे बघत असताना कळलं. आठव्या दिवशी मात्र हे चिडून म्हणाले, "ही जाऊ एक नंबरचा कळीचा नारद हाय. हिला आपल्या गल्लीत आना एकदा." माणूस अडकला. माझं मत: मालिका बेताची, वर्णन उत्तम.

मग एक सिनेमा. लग्नाच्या वरातीसाठी मागून आणलेला ट्रॅक्टर हरवतो आणि दोन साडू तो शोधत फिरतात, असा. मोबाईल माझ्या तोंडाखाली जमिनीवर. डाव्या डोळ्याला दिसायचा नुसता उजेड, हलणारा. सांगायचं काम यांचं, पण हे इतके हसायला लागले की सांगायचंच विसरले. मी खालून ओरडतेय, "अहो, काय झालं?" आणि हे, "थांब जरा, थांब." सिनेमा चांगला असणार.

एक प्रवासवर्णन वाचलं. एका निवृत्त मास्तरांनी सायकलवर नर्मदेच्या काठाकाठाने केलेला प्रवास. यांची वाचायची तऱ्हा अशी की आधी पान नंबर पुकारायचा, मग मजकूर. "पान सत्तावीस. सकाळी निघालो." वैताग आला. पण दोन दिवसांनी मला त्या नंबरांची सवय झाली. अजून किती पानं उरलीत हे कळायचं. पालथ्या माणसाला काहीतरी पुढे सरकतंय हे कळणं फार गरजेचं असतं. तुम्ही कुणाची सेवा करत असाल तर हे लक्षात ठेवा.

आणि शेवटी ती कादंबरी. कोकणातल्या दोन बहिणी. थोरली भांडून घर सोडते, धाकटी वर्षानुवर्षं तिला शोधते. तीनशे दहा पानं. यांनी ती अठरा दिवसांत वाचली. कुठे प्रेमाचं काही आलं की खाकरायचे आणि "हितं काय विशेष न्हाई" म्हणून पान उलटायचे. बाकी मन लावून. धाकटी शोधत शोधत एका गावाच्या स्टँडवर उतरते तिथे यांनी पान पुढे उलटलं, पुन्हा मागे उलटलं. पाणी प्यायले. मग पुढे वाचलं, जरा थांबत थांबत. थोरली ओट्यावर मेथी निवडत बसलेली असते. वर न बघता म्हणते, "लई उशीर केलास. हातपाय धू." घरामागे दोन एकर आडसाली ऊस वाऱ्यावर डुलत असतो. संपली कादंबरी.

मी जमिनीकडे बघत हसले. कितीतरी दिवसांनी पोटातून बरं वाटलं. वाटलं, हरवलेलं माणूस परत मिळतं तर माझी अक्षरंही मिळतील.

कोकणात आडसाली ऊस, तोही दीड-दीड वर्ष शेतात उभा राहणारा, कुठून आला, हे मनात आलं होतं. पण म्हटलं, असेल एखाद्या खोऱ्यात.

एक तारखेला मी सांगितलं आणि यांनी जाऊन फळ्यावर लिहिलं: "कादंबरी जरूर वाचा. शेवट अतिशय सुंदर. लेखिकेला शेतीची चांगली जाण आहे." खडूने, स्वतःच्या हाताने, शब्दन् शब्द. घरी येऊन चहा मागितला. चेहरा कसा होता ते मला कसं दिसणार? मी आपली फरशी बघत होते. दहा दिवसांची शिक्षा कधीच संपली होती, पण मान वर करायची भीती गेली नव्हती.

त्याच आठवड्यात शबानाभाभी आल्या. आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिवणकाम चालतं, आणि महिन्याला दोन पुस्तकं संपवणारी ही एकच बाई गावात. फळा वाचून त्यांनी कादंबरीची दुसरी प्रत नेली होती.

"सुनंदाताई," त्या म्हणाल्या, "तुमचं मत कधी चुकलं न्हाई म्हनून विचारते. शेवट सुंदर कसा? मी तर दोन दिवस जेवले न्हाई. आन् ऊस कुठं हाय त्यात?"

मी म्हटलं, "भाभी, कुणाला बोलू नका. माझी तपासणी होऊ द्या."

यांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर यांनी लगेच कबूल केलं असतं, खोटं पचवणारा माणूस नाही तो. पण मला ते पान माझ्या डोळ्याने वाचायचं होतं. डोळा परत मिळाला तर वाचीन, नाही मिळाला तर यांचाच शेवट खरा धरून चालीन. मी तसं ठरवलंच होतं. तोवर पट्टी सुटली होती आणि गॅसचा फुगा आक्रसत चालला होता. वरच्या अर्ध्यात उजेड स्वच्छ, खाली एक आडवी रेघ हिंदकळायची. रोज सकाळी रेघ थोडी खाली गेलेली असायची. भिंतीवरच्या कॅलेंडरमधले मोठे आकडे एक दिवस ओळखू आले, तेव्हा कुणाला न सांगता मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. आनंद झाला होता, आणि त्याची भीतीही वाटत होती.

तपासणीला नगरला गेलो. मी पिशवीत कादंबरी टाकली. हॉस्पिटलच्या बाकावर दोन तास बसलो. समोर एक देवळालीचे आजोबा मान खाली घालून बसले होते, नव्यानेच ऑपरेशन झालेलं. मी त्यांना म्हटलं, "बाबा, घरात कुणाकडून तरी पुस्तक वाचून घ्या. पान नंबरासकट." ते जमिनीकडे बघूनच म्हणाले, "नातीला सांगतो."

डॉक्टरबाईंनी बराच वेळ डोळ्यात दिवा मारून पाहिलं. मग समोरची पाटी वाचायला सांगितली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथीला मी अडखळले. त्या म्हणाल्या, "पडदा पूर्ण चिकटलाय. मॅक्युला वाचला. चष्म्याचा नंबर बदलेल, पण काकू, आता वाचायला हरकत नाही."

हे औषधं आणायला खाली गेले. मी बाकावर बसून शेवटचं पान उघडलं. अक्षरं थोडी वाकडी होती, डोळ्यातून पाणी येत होतं, पण होती. धाकटी स्टँडवर उतरते. लोक तिला थोरलीचं घर दाखवतात. घराला कुलूप. शेजारीण सांगते, दोन पावसाळे झाले ती गेली त्याला. जाईपर्यंत धाकटीचं नाव घेत होती. तिथेच संपतं. ना मेथी, ना ओटा, ना ऊस.

मी हमसून रडले. बाकावरचे लोक बघायला लागले. तेवढ्यात हे आले, हातातली औषधांची पिशवी तशीच, आणि पुस्तक बघून जागच्या जागी उभे राहिले.

"पट्टी भिजंल म्हनून," हे म्हणाले. "सिस्टर बोलल्या हुत्या. अन् तुला तवा लई वाईट वाटत हुतं. मेलेली कशी वाचून दावू? मला आपलं एवढंच सुचलं."

"आणि ऊस?"

"मला दुसरं काय येतंय?"

मी म्हटलं, "बसा इथं. आता पट्टी नाही. रडू द्या मला." हे शेजारी बसले. माझा हात त्यांनी धरला नाही, चारचौघांत आमच्यात तसं चालत नाही. पण औषधांची पिशवी दोघांच्या मध्ये होती ती उचलून पलीकडे ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः वाचनालयात गेले. खडू घेतला. तीस वर्षांत फळ्यावर चूक दुरुस्त करायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मी लिहिलं:

"दुरुस्ती. या कादंबरीचा शेवट मी लिहिला तसा नाही, दुःखद आहे. पुस्तक तरीही वाचा. ज्यांना सुंदर शेवट ऐकायचा असेल, त्यांनी संध्याकाळी मालिका संपल्यावर आमच्या घरी यावं. वाचून दाखवणारे घरीच असतात."

संध्याकाळी पहिल्या शबानाभाभी आल्या.